तिची पर्स, माझा डबा

सर म्हणाले, "हात जोड." मी जोडले.

शाम्पूच्या रॅकच्या रांगेत, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. पुढ्यात भाभीजी उभ्या होत्या, राईस मिलवाल्यांची सून. त्यांच्या खांद्यावरच्या पर्समध्ये आमच्या दुकानातली चेहऱ्याची क्रीम होती. ती आत जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. तरी हात मीच जोडले.

लाखनीतल्या या मोठ्या दुकानात मी रॅकवर सामान लावते. कामावर घेताना सरांनी नियम शिकवला होता. कोणी काही लपवताना दिसलं तर ओरडायचं नाही, अडवायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. जवळ जायचं आणि हसून विचारायचं, "मॅडम, काही मदत करू का?" माणूस समजतो आणि वस्तू परत ठेवतो. मला अनोळखी माणसाशी बोलताना घाम फुटतो. हे एवढंसं वाक्य मी आठ दिवस घरी शेळीसमोर घोकलं.

त्या दिवशी पहिल्यांदाच ते न अडखळता म्हटलं.

भाभीजींनी मला वरून खाली पाहिलं. "अवो, हे तर बोडीवरच्या मच्छीवाल्याची पोरगी! तरीच म्हटलं, वास कायचा येऊन राहिला." बोडी म्हणजे आमचं तळं; बाबा त्यातली मासळी विकतात. दोघी-तिघी हसल्या. मग आवाज चढला. "मॅनेजर! हे माझ्या मांगं मांगं काहून फिरून राहिली? मी चोर आहो का?"

मी म्हटलं, "चुकलं." सरांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. चहाचा कप मीच नेऊन दिला.

ओळखलं होतं तिनं मला. चौथीपर्यंत शाळेत आम्ही एकाच टाटपट्टीवर बसलो. भागाकार ती माझ्या पाटीवरून उतरवायची. मग धाकट्या भावाला सांभाळायला मी घरी राहिले. ती भंडाऱ्याला शिकायला गेली.

मी तिच्यावर जळते. खरं लिहिते, इथं कोण वाचणार आहे? साडीवर नाही जळत. गाडीवर थोडी. जळते ती तिच्या हातावर. क्रीम पर्समध्ये टाकताना तो हात जरासुद्धा थरथरला नाही. मला माझा स्वतःचा जेवणाचा डबा उचलतानाही दुकानात भीती वाटते. तसा हात आपला असावा, असं वाटलं. रात्रभर वाटत राहिलं.

त्या दिवशी भाभीजी गेल्यावर मी हळूच म्हटलं होतं, "सर, कॅमेऱ्यात पाहा ना."

"पाहिलं. विसरल्या असतील त्या. मोठं घर आहे ते."

म्हणजे हात जोडायला लावण्याआधीच त्यांना माहीत होतं.

संध्याकाळी निघताना दारावर नेहमीची तपासणी झाली. वॉचमननं डबा उघडला. उरलेला भात चमच्यानं उकरला. रोज उकरतो. भाताखाली मी काय नेणार? त्याच दारातून भाभीजी पर्स घेऊन गेल्या होत्या. त्यांच्यासाठी त्यानं दार धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई काहीतरी लपवताना सापडली. धानाच्या रोवण्यावरून, भातलावणीवरून तशीच आलेली, पायांवर चिखल वाळलेला. तिला कोणी मदत करू का म्हणून विचारलं नाही. वॉचमननं सरळ दंड धरला. सर मला म्हणाले, "तू बाई आहेस. आत ने. साडी सोडून बघ."

गोदामात आम्ही दोघीच. "माय, मारू नोको वो," ती म्हणाली. माझ्याहून मोठी, आणि मला माय म्हणाली. स्वतःच कमरेच्या ओच्यातून टिकल्यांचं पाकीट काढलं. "उद्या पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राहिले."

लपवत नाही, आधी मला तिचाही हेवाच वाटला. हिलासुद्धा जमलं, मला कधी जमलं नसतं. मग तिचे हात पाहिले. लटलट कापत होते. माझे कापतात तसेच.

मी तिच्या साडीला हात लावला नाही. बाहेर आले, पाकीट सरांच्या टेबलावर ठेवलं.

"विसरल्या असतील त्या," मी म्हटलं.

"काय?"

"परवा भाभीजी विसरल्या. आज ह्या विसरल्या. त्याह्यले चहा, मंग इले झडती काहून?"

आवाज फाटला. पण निघाला. काउंटरवरच्या बायका वळून पाहू लागल्या. सर दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल," आणि त्या बाईला हातानंच जा म्हणून खुणावलं. ती मागं न पाहता गेली.

संध्याकाळी वॉचमननं हात पुढं केला. "दे वो बाई डबा."

मी डबा पोटाशी धरला. "नाई उघडत."

"काहून? आज का डब्यात मच्छी आणली?" तो हसला. "नियम आहे ना बाई."

"भाभीजीची पर्स ज्या दिवशी उघडशील, त्या दिवशी माझा डबा उघड."

त्याचं हसू गेलं. तो सरांकडे पाहत राहिला. मी दार स्वतः ढकललं आणि बाहेर पडले.

सरांचा निरोप आला आहे. डबा उघडून दाखवायचा असेल तरच उद्या ये.

उद्या मी जाणार आहे. डबा घेऊन, झाकण लावून. कामावरून काढायचं असेल तर सगळ्यांसमोर काढा. आणि ठेवलंच, आणि ती पर्स घेऊन पुन्हा शाम्पूच्या रांगेत आली, तर जवळ जाऊन तेच वाक्य म्हणणार. आता शेळीसमोर घोकायची गरज नाही.

माझं जळणं गेलेलं नाही. ते मी जाऊ देणार नाही; तसा हात मला हवाच आहे.

हात मात्र जोडणार नाही.