गुडघ्याचा पट्टा आणि दुकानाच्या तीन पायऱ्या

शिळफाट्यावरचं भांड्यांचं दुकान मी एकटीने उभं केलं. गुडघ्याने दगा दिला, तेव्हा मुलगा मला न विचारता गल्ल्यावर बसला आणि म्हणाला, "आई, आता घरी आराम कर." तो राग अजून गेलेला नाही.

ऑपरेशनची गरज नाही, पट्टा आणि व्यायामाने भागेल, असं डॉक्टर म्हणाले. औषधांच्या दुकानात लहानमोठे पट्टे एकाच भावाचे होते, म्हणून मी सगळ्यात मोठा घेतला. चालताना तो घसरून घोट्यावर यायचा.

डॉक्टरांकडची व्यायाम शिकवणारी मुलगी तो पाहून हसली. "मावशी, हा गुडघ्याचा पट्टा हाय, पैंजण नाय." टेपने मांडी आणि पोटरी मोजून तिने मापाचा पट्टा आणायला लावला. मग म्हणाली, "झोपून पाय सरळ उचलायचा. रोज वीस वेळा."

"पंधरा."

"वीस."

"अगं, सतरा तरी कर!"

"वीसच. नायतर बसा घरी."

ते ऐकून माझं डोकं फिरलं. त्या दिवसापासून विसातला एकही कमी केला नाही.

दोन महिन्यांनी पट्टा बांधून, काठी टेकत, चांगला पाय आधी टाकत मी दुकानाच्या तीन पायऱ्या चढले. मुलगा गल्ल्यावरून उठेपर्यंत समोर उभी राहिले. तेवढं उभं राहणं आता जमत होतं.