समासातला कापूस

छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून तो निवृत्त झाला आणि वडिलांच्या शेतात कापूस लावायला आला, तेव्हा गावाने त्याचं नाव 'कानामात्रा' ठेवलं. औषधाच्या बाटलीवरचंही तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. साहजिकच, जनुक बदललेल्या नव्या बियाण्याच्या पिशवीतलं पत्रक वाचणारा गावात तो एकटाच निघाला. आधी त्याने शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या, मग मजकुराकडे वळला.

हा कापूस खाल्ला की बोंडअळी मरते. पण सगळीकडे हाच लावला, तर त्याला पुरून उरलेल्या अळ्यांचीच प्रजा वाढेल. म्हणून सोबतच्या छोट्या पुडीतलं साधं बियाणं कडेने लावावं. तिथे साध्या अळ्या जगतील, चिवट अळ्यांशी त्यांच्या जोड्या जमतील आणि पुढची पिढी पुन्हा मरण्याजोगी निपजेल.

"म्हणजे अळ्यांचं वधूवर सूचक मंडळच की!" शेजारच्या शेतातला मेहुणा हसला. त्याने आपल्या पुड्या केव्हाच फेकून दिल्या होत्या.

कानामात्राने मात्र चारी बाजूंनी पाच-पाच ओळी साधा कापूस लावला.

"शेत म्हणजे कागद वाटला का तुम्हाला?" बायको कडाडली. "एवढा समास सोडलात तो!"

कडेचा कापूस अळ्यांनी फस्त केला. आतला चांगला आला, दोन फवारण्याही वाचल्या. पण मेहुण्याचं शेत बांधापासून बांधापर्यंत पांढरंशुभ्र होतं, आणि दरवर्षी त्याच्या गाडीत चार गाठोडी जास्त असायची. बायको ती मोठ्याने मोजायची.

पाचव्या वर्षी दोघांच्याही बोंडांत अळ्या निघाल्या. कृषी अधिकारी आले, सगळ्यांना फैलावर घेतलं.

"कडेला साधा कापूस कोणी लावला होता?"

एकच हात वर झाला. साहेबांनी खूश होऊन त्याच्यासोबत फोटो काढून घेतला.

"पण साहेब, मग माझ्या शेतात अळ्या कशा?"

"अहो, अळ्यांची पाखरं होतात आणि ती उडतात! तुमच्या एकट्याच्या ओळी कुठे पुरणार? हे सगळ्यांनी करायचं असतं."

"ते पत्रकात नव्हतं," कानामात्रा पडेल आवाजात म्हणाला. त्या वर्षी औषधाच्या दुकानापुढच्या रांगेत तो मेहुण्याच्या मागेच उभा होता.

पुढच्या हंगामात साधं बियाणं त्याच पिशवीत मिसळून आलं, कुणाला फेकताच येऊ नये म्हणून. पत्रक वाचून कानामात्राने सगळं बियाणं कागदावर ओतलं आणि समासासाठी साधं कुठलं ते चष्मा पुसून-पुसून शोधत बसला. तासाभराने बायकोने कागद उचलला, बियाणं पदरात घेतलं आणि भावाच्या मदतीने दुपारपर्यंत लागवड उरकून टाकली.