दोन टाक्यांची केस

धावड्याच्या उषाबाईनं आयुष्यात एकदाच कुणाला मारलं, आन ते बी धड जमलं न्हाई. शेजारच्या वंदनाची शेळी तिच्या मेथीच्या वाफ्यात शिरल्ती. उषाबाई विळा घिऊन मागं धावली, मधी वंदना आली, आन वंदनाच्या दंडाला दोन टाके पडले. शेळीनं मेथी निवांत संपवली. तिच्यावर काही गुन्हा दाखल झाला न्हाई.

हे दोन हजार एकोणीसचं. पंधरा दिवसांत दोघींचं बोलणं सुरू झालं. वंदनाला ताप भरला तवा सलाइन लावायला उषाबाईच घिऊन गेल्ती. पण तोवर वंदनाच्या रागातल्या फिर्यादीवर पोलीस जमादारानं कागद रंगवले होते, आन या दोघींचं वैर हाय असं सरकारनं ठरवून टाकलं होतं. केसला आर.सी.सी. नंबर पडला, म्हणजे रीतसर फौजदारी खटला. गावात नळाला नंबर लागत न्हाई, पण भांडणाला लागतो.

तारखेला दोघी एकाच जीपमधी भोकरदनला जायच्या. वंदनाला बोलावणं नसलं तरी ती निघायची. बांगड्या, बियाणं, काही ना काही काम असायचंच. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली आरोपी आन फिर्यादी एका डब्यातून भाकर खायच्या. पुकारा झाला की उषाबाई हात धुऊन आरोपी व्हायची.

तिच्या फोनमधी कोर्टाचं ॲप होतं. नंबर टाकला की बराबर सांगायचं : टप्पा, पुरावा. पुढची तारीख अमुक. चार वर्षं टप्पा पुरावाच होता. कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदार गैरहजर, कधी मुद्देमाल आणायला माणूस न्हाई. पण ॲप एकदम ताजं. काहीच झालं न्हाई हे त्याच्याइतकं जल्दी कोणीच सांगत न्हाई.

उषाबाई अंगणवाडीत मदतनीस. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, आन सेविकेची जागा निघाली. अकरा वर्षं पोरांची नाकं पुसल्यावर ती जागा आपल्याच हक्काची, असं तिला वाटत होतं. कागदांत एक ओळ होती : फौजदारी खटला प्रलंबित नसावा. मुदत महिन्याभराची.

दोघी उषाबाईची केस लढवणाऱ्या राजानंद वकिलाकडं गेल्या.

"साहेब, आमचं मिटलंय," वंदना म्हणाली. "सह्या घ्या आन केस फाडून टाका."

"तुमचं मिटलंय, कलम मिटत न्हाई," वकील म्हणाले. "तीनशे चोवीस हाय. धोकादायक हत्यारानं दुखापत. हे आपसात मिटवता येत न्हाई."

"दोनच टाके पडलेत की!"

"टाक्याचा प्रश्न न्हाई, विळ्याचा हाय. नुसत्या हातानं तुमचं हाड मोडलं असतं, तर कोर्टाच्या परवानगीनं मिटलं असतं."

वंदनानं बाही वर केली. "मंग आता मोड बाई. घाई हाय ना तुला?"

"गप बस, वंदे," उषाबाई म्हणाली. "तुझं हाड मोडायला मला दुसरी तारीख पडंल."

वकिलांनी मधला रस्ता सांगितला. साक्षीला उभं राहिल्यावर वंदनानं म्हणायचं, मला काही आठवत न्हाई. अर्ध्या केसेस अशाच निकाली निघतात. पण वंदना अडली. "शपथ घिऊन खोटं मी बोलणार न्हाई. तिनं मारलंच होतं. आठवत न्हाई कसं? मला तर त्या शेळीचं तोंड बी आठवतं."

जीपमधी उषाबाई तिच्याशी एक शब्द बोलली न्हाई. पाच वर्षांत दोघींचं खरं भांडण ते तेवढंच, आन त्याचा गुन्हा कुठंच नोंदला न्हाई.

मुदतीला नऊ दिवस उरले असताना तारीख आली. आश्चर्य म्हणजे साहेब बी होते, आन मुद्देमाल बी. वंदना पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. आरोपीच्या पिंजऱ्यात उषाबाई पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती. सरकारी वकिलांनी सील तोडून पुडकं उघडलं.

"ह्याच विळ्यानं आरोपीनं तुम्हाला मारलं ना?"

वंदनानं ती वस्तू हातात घेतली, उलटीपालटी केली.

"साहेब, हे खुरपं हाय."

"काय?"

"खुरपं. निंदायचं. विळ्याला दाते असतात, बाक असतो. ह्याच्यानं मला कुणीच मारलं न्हाई."

"मग ज्यानं मारलं तो विळा कुठं आहे?"

"ते मला काय इचारता? जप्ती तुम्ही केली."

साहेबांनी कागद पाहिला. त्यावर 'एक लोखंडी विळा', खाली दोन पंचांच्या सह्या. पुडक्यात खुरपं. जमादार तिसऱ्या दिवशी आल्ते, आन हाताला जे लागलं ते बांधून नेलं होतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला जमादार, विळा ओळखत न्हाई! असा माणूस गुन्हा बरोबर ओळखणार, या भरवशावर पाच वर्षं सगळं कोर्ट चालू होतं.

राजानंद वकील जागचे उठले. हत्यारच शाबीत न्हाई, तर उरली साधी दुखापत. कलम तीनशे तेवीस. आन ते आपसात मिटतं. साहेबांनी ऐकून घेतलं, कलम उतरवलं, दोघींच्या सह्या घेतल्या. पाच वर्षांचं काम वीस मिनिटांत झालं. वंदना एक शब्द बी खोटा बोलली न्हाई, आन वकिलांनी फी पूर्ण घेतली.

नक्कल मिळायला आठ दिवस गेले. शेवटच्या दिवशी दोघी नेमणुकीच्या कार्यालयात हजर झाल्या. बाबूनं नक्कल बाजूला सारली आन फोन काढला.

"ॲपवर प्रलंबित दाखवून राह्यलं."

"ही मोहर पाहा ना. कोर्टाची हाय."

"मोहर कुणी बी मारतं बाई. ॲपवर येऊ द्या, मंग या."

"आज शेवटचा दिवस हाय."

"त्याला मी काय करू?"

पाच वर्षांपूर्वीची उषाबाई रडली असती. ही उषाबाई कोर्ट शिकून आल्ती. तिनं पिशवीतून कोरा कागद काढला, बाबूपुढं ठेवला.

"लिहून द्या. कोर्टाचा निकाल आम्ही मानत न्हाई. खाली सही, नाव, हुद्दा."

बाबूनं कागदाकडं पाहिलं, मंग तिच्याकडं, मंग दारात हाताची घडी घालून उभ्या वंदनाकडं. नक्कल फाइलीत गेली. पोहोच निघाली, शिक्का बसला.

उषाबाईनं पोहोच वाचली आन परत त्याच्यापुढं ठेवली. "शिक्क्यावर उद्याची तारीख हाय साहेब. आजची टाका."