कोपऱ्यातला बर्फ

नोव्हेंबरातला दुसरा रविवार, सकाळी सात. स्थळ : ठाकुर्ली, आमच्या सोसायटीचं ऑफिस. हजर : मी, म्हणजे सेक्रेटरी, तळमजल्यावरच्या जाधवकाकू, ड्यूटी संपवून थांबलेला वॉचमन, आणि आम्हाला बोलावणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका. विषय : स्वित्झर्लंडमधला आइस हॉकीचा आदल्या दिवशीचा सामना, काकांच्या मोबाइलवरून ऑफिसच्या टीव्हीवर.

तीनपैकी वीस मिनिटांचा पहिला भाग संपला, मध्यंतर झालं. काकू चहा टाकायला उठल्या. काकांनी हात आडवा धरला.

"आता बसा. आता खरं काम."

खेळाडू आत गेले होते. एक ठेंगणी गाडी मैदानात आली आणि ओरखडलेला बर्फ तासत, मागे पाण्याचा पातळ थर सोडत फिरू लागली. ती जाईल तिथे आरसा होत गेला.

"गाडी बघायला उठवलंत होय मला?" काकू म्हणाल्या.

"खेळतात काय, कोणीही. बर्फ धरून दाखवा."

काका बत्तीस वर्षं कल्याणला खाडीकडच्या बर्फाच्या कारखान्यात होते. मासळीवाल्यांसाठी लाद्या काढायचे. लादीपेक्षा मोठा बर्फ त्यांनी कधी पाहिला नव्हता. मग सुनेने मोबाइल दिला आणि त्यांना हॉलभर पसरलेला बर्फ सापडला. तुमच्याही इमारतीत कसला तरी नाद लागलेला एखादा निवृत्त माणूस असेल. आमचा हा असा.

मी एकदा विचारलं, "ही दुसऱ्या फळीची लीग कशाला? वरची बघा की."

"वरच्यांच्या मध्यंतरात जाहिराती असतात. ह्यांना जाहिराती कोण देणार? कॅमेरा बर्फावरच राहतो."

टीम एकच, घरच्या मैदानावरचे सामने तेवढे बघायचे. ती बहुतेक हरायची. सोमवारी नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळांखाली, काका खडूने निकाल लिहायचे आणि पुढे शेरा : 'बर्फ बरा'.

डिसेंबरात ते म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात बर्फ मऊ आहे. चकती तिथे दमते."

चकती म्हणजे ह्या खेळातला चेंडू. आम्हाला पांढऱ्यावर पांढरं दिसत होतं. मी याद्या करणारी बाई, म्हणून मोजलं. तिसऱ्या भागात त्या कोपऱ्यात चकती सात वेळा गेली, पाच वेळा रखडली.

"फरशीखाली पाइपातून गार मिठाचं पाणी फिरतं. आमच्या टाकीत होतं तेच. त्या कोपऱ्याच्या पाइपात हवा अडकलीय." हे त्यांनी ठाकुर्लीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगितलं. "आणि त्या गाडीवाल्याला बघ. कोपऱ्यावरून गेला की दर वेळी मागे वळून बघतो. बिघडलंय हे त्याला कळलंय, काय ते कळत नाहीये. अगं सेक्रेटरी, लिही त्यांना."

"ऐकतील?"

"कारखान्यात कोणी ऐकलं नाही माझं. तू लाद्या काढ, म्हणायचे. पण तेव्हा तोंडी सांगायचो. तू लिहून दे."

मी क्लबला पाच मुद्द्यांचा इंग्रजी ईमेल केला. काका म्हणाले, "नाव नको. ठाकुर्लीचा बर्फवाला, एवढंच लिही."

उत्तर आलं नाही. जिन्यात भेटले की विचारायचे, "आलं का काही?" नंतर विचारेनासे झाले. जानेवारीत बोर्डावरचा शेराही थांबला.

फेब्रुवारीच्या शेवटी घरचा शेवटचा सामना. जिंकले तरच पुढची फेरी. हजर : तेच चौघे. पहिलं मध्यंतर झालं, गाडी आली, डाव्या कोपऱ्यावरून वळली आणि सरळ पुढे गेली.

"काका," वॉचमन म्हणाला, "त्याने मागे बघितलंच नाही."

"दुसऱ्यांदा येऊ दे."

दुसऱ्या मध्यंतरातही गाडीवाला पुढे बघत वळला. काका उठले, टीव्हीपाशी गेले आणि स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यावर तळहात टेकवून उभे राहिले. लादी धरली का ते कारखान्यात असंच बघत असणार. काकूंच्या हातातला चहा गार झाला. मी मोजायचं विसरले.

टीम हरली. हंगाम संपला. सोमवारी बोर्डावर निकालापुढे मोठ्या अक्षरात होतं : 'बर्फ उत्तम'.

मेमध्ये काका गेले. झोपेतच.

ऑगस्टात ईमेल आला. सुरुवात, 'ठाकुर्लीच्या बर्फवाल्यास'. गाडीवाल्याचा होता. पाइपातून हवा निघाली, तुमचा तिसरा मुद्दा बरोबर होता. मला इंग्रजी येत नाही, मुलगी सुट्टीवर आल्यावर तिच्याकडून लिहून घेतोय, उशिराबद्दल माफ करा. शेवटी एक प्रश्न : सप्टेंबरात कोरड्या फरशीवर नवा बर्फ धरायचा आहे, पहिला थर घालताना तुम्ही काय बघता?

माझ्या वहीतली आजची यादी : एक, पाण्याची टाकी साफ करणाऱ्याला फोन. दोन, लिफ्टवाला. तीन, सभेची नोटीस. चार, गाडीवाल्याला उत्तर.

पहिल्या तिन्हींवर काट मारली आहे. चौथं रोज पुढच्या पानावर उतरवून घेते.