झाकलेली रास

तुळशीराम माझा चुलता. गव्हाणकडचे लोक अजून म्हणतात, तो हावेपायी बुडाला. मला याचा संताप येतो. हावरा माणूस संधी साधून, विकून मोकळा होतो. तुळशीकाका तर विकायलाच तयार नव्हता.

आम्हा मिठागरवाल्यांची रीत सरळ होती. उन्हाळ्यात मीठ निघालं की भाव पडलेला असतो, म्हणून रास गवताने शाकारून ठेवायची आणि पाऊस सरता सरता, भाव चढल्यावर विकायची. घाई करील तो मूर्ख. पंचेचाळीस साली पनवेलच्या एका दलालाने काकाला गिरणीचे शेअर दाखवले. लढाईच्या तेजीत मुंबईचा बाजार पेटलेला, पानवाल्यापासून वकिलापर्यंत जो तो शेअर घेत होता. काकाने स्वतःचं मिठागर गावातल्याच धर्मराजला विकलं आणि सगळे पैसे शेअरांत घातले. धर्मराज सज्जन. म्हणाला, "पुढल्या दिवाळीपत्तर पैसं आणलंस तर आगर तुजा."

शेचाळीसच्या आषाढात शेअर दुपटीवर गेले. गोदूकाकी नवऱ्याला म्हणाली, "आता इका नि आगर सोडवा. पुरं झालं."

"गो, भर पावसात रास कोन उघडतं? भाव अजून चढाचा हाय."

श्रावणात बाजार उतरू लागला. मिठागर सोडवण्याइतके पैसे तेव्हाही येत होते, दलालाने तसा निरोपही धाडला. पण उतरत्या भावात रास उघडायची नाही, हे काका बापाकडून शिकला होता. त्याने कागद पेटीत नीट ठेवले आणि निवांत झाला. मीठ लोकांना कधी ना कधी लागतंच. त्या कागदांवाचून कुणाचं अडणार नव्हतं, हे त्याला सांगणार कोण? दिवाळीला मूळ पैशांचे निम्मेही आले नसते. धर्मराज पाडव्यापर्यंत थांबला, मग बांधाच्या कामाला लागला.

पुढच्या हंगामात नवराबायको त्याच आगरावर मजुरीला गेली. पहिलं मीठ ओढण्याआधी मालकिणीने बांधावर नारळ फोडायचा असतो. अठरा वर्षं तो मान काकीचा. धर्मराजची बायको कमळाबाई बिचारी अवघडली. नारळ काकीपुढे धरून म्हणाली, "वयनी, तुमीच फोडा."

"आमी मजुरीला आलोय, बाय," काकी म्हणाली आणि पाटी उचलून बायकांच्या रांगेत उभी राहिली.

काका दोन हातांवर होता. त्यानंतर चौदा वर्षं, मरेपर्यंत, तो काकीकडे बघून एक शब्द बोललेला मला आठवत नाही.