संघपाल ढोक्यांची अमेरिकन प्रश्नमंजूषा

नागपूरच्या प्रताप नगरात कूलर दुरुस्त करणाऱ्या संघपाल ढोक्यांना साठी उलटल्यावर अमेरिकेचं वेड लागलं. आजच्या नाही, सत्तर वर्षांपूर्वीच्या. दिवाळीनंतर कूलरचं काम थंडावतं, बायको इंदूबाई भिशीत रमलेल्या असतात, म्हणून ते फोनवर माहितीपट बघायला लागले. त्या काळी तिथल्या कंपन्या टीव्हीवरचा अख्खा कार्यक्रमच विकत घ्यायच्या. स्पर्धकाला काचेच्या खोलीत उभं करून प्रश्न विचारायचे, तो घामाघूम व्हायचा, सगळा देश बघत बसायचा आणि दुसऱ्या दिवशी दुकानांतला त्या कंपनीचा माल संपायचा. संघपाल एवढंच बघून उठले आणि तडक शेजारच्या यमुताईंकडे गेले.

यमुताई घरी काळा मसाला करून विकत. त्या प्रायोजक व्हायला तयार झाल्या. संघपालांनी माणसाएवढ्या उंच, जुन्या कूलरचं पोट रिकामं केलं, पुढे काच बसवली, आत स्टूल आणि माईक ठेवला. दर शनिवारी संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात ‘यमुताई मसाला प्रश्नमंजूषा’ सुरू झाली.

पहिल्याच शनिवारी बँकेतून निवृत्त झालेले गिरिधर देशकर जिंकले, आणि मग थांबेचनात. त्यांना सगळं येई. पण ‘पासबुक तिकडच्या खिडकीवर’ सांगावं तशा आवाजात ते उत्तर देत. लोक जांभया द्यायला लागले, मग यायचेच बंद झाले. यमुताईंनी संघपालांना बोलावून विचारलं, की झोपलेली माणसं मसाला कशी विकत घेणार?

संघपालांनी माहितीपट आणखी थोडा बघितला. अमेरिकेतही हीच अडचण आली होती. तिथे कंटाळवाण्या विजेत्याला मुद्दाम हरायला लावलं आणि लोकांना आवडेल अशा स्पर्धकाला आधीच उत्तरं सांगितली. हे त्यांना फारच सोयीचं वाटलं. ब्युटी पार्लर चालवणारी सोनिका बोलकी, हसरी, सगळ्या कॉलनीची लाडकी. तिला त्यांनी गच्चीवर बसवून उत्तरं पाठ करून घेतली. जन्मभर कूलरच्या घरघरीत काम केल्याने त्यांना हळू बोलता येत नसे, त्यामुळे सोनिकाबरोबर अर्ध्या गल्लीचीही उत्तरं पाठ झाली. कुणाचीच तक्रार नव्हती. उलट त्या शनिवारी मैदान भरलं.

गिरिधर हरायला तयार होते. बक्षिसाच्या मसाल्याने घरात सगळ्यांना ॲसिडिटी झाली होती. कोणत्या प्रश्नाला काय चुकीचं सांगायचं, तेही ठरलं होतं.

ते कूलरमध्ये बसले. संघपालांनी विचारलं, संत्रानगरी म्हणून कोणतं शहर ओळखलं जातं?

गिरिधरांनी तोंड उघडलं, मिटलं. काचेवर वाफ धरली. ते ‘अ’ म्हणाले, पुन्हा ‘अ’ म्हणाले. लोक पहिल्यांदाच त्यांच्यासाठी खुर्च्या पुढे ओढून बसले.

“नागपूर,” गिरिधर म्हणाले.

“भाऊ, पुन्हा विचार करा गा,” संघपाल म्हणाले.

गिरिधर कूलरचं दार उघडून बाहेर आले आणि माईक हातात घेतला. “संघपालनं मले अमरावती म्हण म्हणून सांगतलं होतं. हराले मी तयार होतो. पण नागपूरच्या मैदानात बसून अमरावती म्हणनं माझ्याच्यानं होऊन नाही राहिलं.”

लोक खवळले. लबाडी त्यांना ठाऊकच होती. अमरावतीचं मात्र कोणी सहन करेना. तेवढ्यात यमुताई उठल्या. त्यांचं माहेर अमरावतीचं.

“काहून? अमरावतीत काय वाईट आहे?”

मग मैदानाचे दोन तट पडले आणि प्रश्नमंजूषा तिथेच संपली.

कॉलनीच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका अरुंधती यांनी पुढच्या शनिवारी जाहीर चौकशी ठेवली. दरम्यान संघपालांनी माहितीपट शेवटपर्यंत बघितला, आणि चौकशीत उभं राहून मोठ्या अभिमानाने सांगितलं, की अमेरिकेतही हे उघडकीला आलं होतं आणि तिथल्या संसदेने चौकशी केली होती. म्हणजे आपलं सगळं अगदी बरोबर चाललं आहे. चौकशीला इतकी गर्दी झाली, की यमुताईंनी राग सोडून तिथेच टेबल मांडलं. साक्षी चार शनिवार चालल्या आणि मसाला पुरेना. सोनिकाने त्रिपुराच्या राजधानीचं उत्तर आपल्याला खरंच येत होतं, याची नोंद करायला लावली. शेवटी अरुंधतींनी संघपालांना ताकीद दिली आणि गिरिधरांना शाल. गिरिधर भाषणाला उठले तेव्हा मात्र लोक भराभर घरी गेले.

संघपालांना वाईट वाटलं ते दोन दिवस. मग त्यांना त्याच काळातल्या मोटारींचा माहितीपट सापडला. तिथले कारखानदार गाडीला मागे माशाच्या शेपटीसारखे पत्र्याचे पंख लावून दरवर्षी नवीन म्हणून विकायचे. मार्चमध्ये त्यांनी तसाच पंखवाला कूलर बनवला आणि तो शहराच्या कडेच्या बेसा भागातल्या एका गिऱ्हाइकाने नेलाही. पंखांमुळे तो दारातून आत जात नाही, म्हणून अंगणात उभा आहे. घर तापलेलं असतं. अंगण मात्र फार गार असतं.