काचेलाही दिशा असते

भुकूमच्या माझ्या दुकानातून चष्मे विकले जातात, किस्से मात्र इथेच मुक्काम ठोकतात. ऑप्टोमेट्री शिकून आले तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात अख्खा मुळशी तालुका स्वच्छ बघायला लागेल. आता एवढंच म्हणते, निदान माझं ऐकायला तरी लागू दे!

सगळ्यात जास्त डोकं खातं ते दृष्टिवैषम्य. गोष्ट साधी आहे. डोळ्याचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल हवा. काहींचा अंड्यासारखा, एकीकडून जास्त वळलेला असतो. मग प्रकाश एका जागी जमत नाही. आडवी रेघ ठळक दिसते, तर उभी फिसकटलेली. उपाय ठरलेला: त्या वळणाच्या मापाची, नेमक्या कोनात बसवलेली काच. हे मी रोज सांगते. रोज!

*

तात्या म्हणजे आमच्या यात्रेतल्या बैलांच्या छकड्यांच्या शर्यतीचे झेंडा-पंच, शेवटच्या रेषेवर झेंडा उंचावून निकाल देणारे. गेल्या यात्रेत त्यांनी प्रत्येक फेरीत 'सामना' दिला. सामना म्हणजे बरोबरी. बैल हातभर पुढे असला तरी सामना! कमिटीने बजावलं, "यंदा एक जरी सामना दिला, तर झेंडा दुसऱ्याकडं."

तात्यांच्या घराला गावात एवढा एकच मान. मी तपासलं, तर दोन्ही डोळ्यांत भरपूर दृष्टिवैषम्य!

"चष्मा लावून झेंडा धरू व्हय? लोक म्हनतील, पंच आंधळा हाय."

"आत्ता काय म्हणतात, तात्या?"

तात्या तडक उठून गेले.

*

माणच्या आयटी पार्कमधला एक इंजिनिअर, मूळचा लातूरचा. चारी दिशांना किरणांसारख्या गेलेल्या रेघांचा तक्ता दाखवून विचारलं, "कुठल्या रेघा जास्त काळ्या दिसतात?"

"सगळ्या सारख्या."

मशीन भलतंच सांगत होतं. पुन्हा विचारलं. पुन्हा, "सारख्या!"

"अहो, खरं सांगा ना."

"मॅडम, सारख्या दिसायला पाहिजेत, कालच गूगलवर वाचलंय मी!"

डोळ्यांच्या परीक्षेला पाठांतर करून आला होता!

*

कासारसाईच्या सासू-सुना. दोघींत मिळून एक चष्मा. शिवणयंत्रावर बसल्यावर सुनेचं डोकं ठणकायचं. मी सांगितलं, "या काचेचा कोन सासूबाईंच्या डोळ्यांचा आहे. तुमचा वेगळा."

सासूबाई भडकल्या. "एका चुलीवरचं खातोय आमी! कोन येगळा कसा?"

सून हळूच म्हणाली, "ताई, ह्ये लग्नाच्या आधी सांगायचं हुतं."

*

माणमध्ये खोल्या भाड्याने देणारे अण्णा स्वतःच्या चष्म्यावर बसले. गोल फ्रेममधली काच निसटली, ती त्यांनीच दाबून बसवली आणि माझ्याशी भांडायला आले.

"काच तीच, फ्रेम तीच. मग दिसंना का?"

"अण्णा, काच फिरलीय. तिलाही दिशा असते."

"मग आधी सांगायचं न्हाई?"

नीट बसवून दिली. आठवड्याने परत हजर. दोन्ही काचांच्या बरोब्बर मधोमध पक्क्या मार्करने काढलेले बाण!

"आता फिरली की लगीच कळंल," अण्णा म्हणाले. "पर दिसत अजून बी न्हाई."

*

यात्रा जवळ आली तसे तात्या गुपचूप आले. चष्मा केला. दुसऱ्याच दिवशी फोन. "ताई, अंगण चढाला लागलंय!"

"चार दिवस तसं वाटतं, तात्या. काढू नका."

"पडलो तर?"

"पडा, पण चष्मा लावून पडा!" मी ओरडलेच.

शर्यतीला मी मुद्दाम शेवटच्या रेषेजवळ उभी राहिले. तात्यांनी खणखणीत निकाल दिले. नाकभर फरकसुद्धा सुटला नाही. कमिटीवाले खूश, माझी कॉलर ताठ!

फायनलला दोन सख्ख्या भावांचे छकडे उरले. जमीन विकल्यापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आज मात्र रेषेवर समोरासमोर, अस्तन्या सरसावून, पोरं पाठीशी घेऊन उभे.

धुरळा उठला. बैल आले. थोरल्याचा बैल वीतभर पुढे. मला इथून दिसला!

तात्यांनी दोन्ही भावांकडे पाहिलं. मग कमिटीकडे. चष्मा काढला, उपरण्याने सावकाश पुसला, घडी घालून खिशात ठेवला आणि झेंडा उंच केला.

"सामना!"